सायकलही हवी, प्रयोगही हवा!

गोष्ट आहे आमच्या शाळेतल्या पालकसभेची. सभा संपली, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, तेवढ्यात एक वडील आपल्या मुलाचा हात धरून माझ्याजवळ आले. अंगात शेतातून आलेलाच सदरा, पायाला काळी माती. म्हणाले, "सर, या पोट्ट्याचं काय करावं सांगा. शाळेतून आलं की सायकल, उठलं की सायकल! शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली. म्या सायकलले कुलूप घातलं अन्‌ चाबी ठेवली माह्याजवळ. बरोबर केलं ना?"

मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. वर्गात प्रश्न विचारण्यात याचा पहिला नंबर. 'पाण्यात मीठ विरघळतं, मग माती का नाही विरघळत?' असं विचारून त्यानं मला एकदा चांगलंच अडकवलं होतं. तो हळूच म्हणाला, "सर, दोन्ही नाही करता येत काय?"

आता सांगा, वडिलांचं चुकलं का? तसं म्हणता येत नाही. मुलानं शिकावं म्हणून ते उन्हातान्हात राबतात. मग मुलाचं चुकलं? तसंही नाही. मी त्या दोघांना म्हटलं, "आठ दिवस थांबा. मी जरा शोधून सांगतो." त्या आठ दिवसांत जे हाती लागलं, ते आज तुम्हालाही सांगतो. आणि हो, हा लेख आईबाबांनाही वाचायला द्या बरं का!

चिखलातली शर्यत

सायकलच्या शर्यती तुम्ही पाहिल्या असतील. गुळगुळीत रस्ता, वाकून बसलेले स्वार, सूं सूं करत जाणारी चाकं. पण युरोपात हिवाळ्यात एक वेगळीच शर्यत होते. तिचं नाव सायक्लोक्रॉस. तिथं रस्ता नसतोच! शेत, गवत, वाळू, चढ-उतार आणि भरपूर चिखल. साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा एक फेरा, आणि तासाभरात जमतील तेवढे फेरे. शेवटचा फेरा सुरू झाला की घंटा वाजते. मध्येच चाळीस सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या लावलेल्या असतात. तिथं बहुतेक जण पळत्या सायकलवरून उडी मारतात, सायकल उचलतात, फळ्या ओलांडतात आणि पुन्हा टांग मारून बसतात. चढ फारच निसरडा असला तर सायकल चक्क खांद्यावर!

हा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये रुजला. थंडीत अंग गरम राहावं आणि सराव सुटू नये, म्हणून सायकलपटू शेताशेतांतून आडवाटेनं या गावाहून त्या गावाला शर्यत लावत, असं सांगतात. १९५० साली पॅरिसला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकली झां रोबिक यानं. हाच रोबिक १९४७ साली 'टूर द फ्रान्स' ही प्रसिद्ध शर्यतही जिंकला होता.

या खेळाची एक गंमत अशी, की त्यात पोटापाण्यासाठी खेळणारे थोडे आणि हौशी फार. शनिवार-रविवारी शर्यत करायची, कपडे धुवायचे आणि सोमवारी आपापल्या कामावर जायचं. त्यांत शिक्षक असतात, सुतार असतात आणि प्रयोगशाळेत संशोधन करणारेही असतात.

आता तुम्ही म्हणाल, "सर, फ्रान्सचं आम्हाला काय सांगता? सायकल खांद्यावर घेणं आम्ही रोज करतो!" अगदी खरं! पावसाळ्यात आपल्या वऱ्हाडातल्या पांदणीनं जाऊन पाहा. दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो, की चाक फिरेनासं होतं. मग काडीनं चिखल काढा, पुन्हा दहा पावलं जा, पुन्हा काढा. शेवटी कंटाळून सायकल खांद्यावर! फरक एवढाच, की आपल्याकडे कोणी घंटा वाजवत नाही.

चिखल असा का चिकटतो?

सायकल चालवणाऱ्याला हा प्रश्न पडतो, आणि प्रयोगशाळेत त्याचं उत्तर मिळतं. आपल्या अमरावती-अकोल्याची काळी माती बेसॉल्ट नावाच्या खडकापासून झाली. तो खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर साचत पसरला आणि त्याचं दख्खनचं पठार झालं.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, आणि प्रत्येक कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चवड. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. म्हणून ती पावसाळ्यात सायकलच्या चाकाला चिकटते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते, आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे जी माती आपला पाय धरते, तीच कपाशीसाठी ओल धरून ठेवते!

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते देशाचे कृषिमंत्री होते. अशा विद्यापीठांतून मातीचा अभ्यास चालतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं विहिरीचं पाणी खारट. तिथं कोणतं पीक घ्यावं, पाणी कसं द्यावं, हे ठरवायचं तर आधी माती आणि पाणी तपासावं लागतं.

प्रयोगाचं घड्याळ

मातीत ओल किती आहे, हे प्रयोगशाळेत कसं काढतात ठाऊक आहे? ओल्या मातीचा नमुना तोलायचा. मग तो १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत साधारण २४ तास ठेवायचा. नंतर पुन्हा तोलायचा. जेवढं वजन कमी भरलं तेवढं पाणी उडालं. सोपं आहे ना? पण त्या २४ तासांत संशोधकानं काय करायचं? भट्टीसमोर बसून राहिलं म्हणून माती लवकर वाळत नाही!

इथंच सायकलला जागा मिळते. माती वाळतेय, तोवर दीड तास सायकल मारून यायचं. परत आलं की मागच्या प्रयोगाची आकडेमोड करायची.

पण हे घड्याळ नेहमी आपल्या सोयीनं चालत नाही हं! नेमकी शर्यतीच्या दिवशी सकाळीच नमुना बाहेर काढायची वेळ येते. मग काय करायचं? एक तर आधीच विचार करून प्रयोग एक दिवस अलीकडे सुरू करायचा. ते जमलं नाही तर त्या दिवशी शर्यत सोडायची. रडत नाही, चिडत नाही, सोडायची. शर्यत पुढच्या आठवड्यात पुन्हा असते. अर्धवट सोडलेला प्रयोग मात्र पहिल्यापासून करावा लागतो.

उलटही होतं. रात्रभर जागून, अंग मोडून आलेलं असताना प्रयोगशाळेत गेलं तर? तिथं आम्ल असतं, काच असते, जाळ असतो. पेंगुळलेल्या माणसाच्या हातून बाटली निसटायला कितीसा वेळ लागतो? म्हणून दोन्ही करणाऱ्याला तिसरी गोष्ट सांभाळावीच लागते, ती म्हणजे झोप.

दवाखान्यातून थेट मैदानावर

आता एक खरी गोष्ट ऐका. सायकलची नाही, धावण्याची आहे. रॉजर बॅनिस्टर हा इंग्लंडमधला वैद्यकीय विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत तो चौथा आला. पदक थोडक्यात हुकलं. त्याच्या मनात आलं, पळणं सोडून द्यावं आणि डॉक्टरीकडेच लक्ष द्यावं.

पण त्यानं सोडलं नाही. एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत पळायचं, असं ठरवलं. त्या काळात हे कोणालाच जमलेलं नव्हतं. त्याच्याकडे वेळ किती होता? दुपारच्या सुट्टीतला अर्धा-पाऊण तास! दवाखान्याजवळच्या मैदानावर जायचं, ठरवलेले वेगवान तुकडे पळायचे आणि परत कामावर. शिवाय तो पळणाऱ्या माणसाच्या श्वासावर संशोधनही करायचा. फिरत्या पट्ट्यावर माणसाला पळवायचं, हवेतला प्राणवायू कमी-जास्त करायचा आणि माणूस केव्हा थकतो ते मोजायचं. बऱ्याचदा त्या पट्ट्यावर तो स्वतःच असायचा.

६ मे १९५४ हा शर्यतीचा दिवस. त्या सकाळी बॅनिस्टर कुठं होता? लंडनच्या दवाखान्यात, कामावर! तिथल्या प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्यानं बुटांचे खिळे घासून टोकदार केले, मग आगगाडीनं ऑक्सफर्डला गेला. संध्याकाळी ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण! जगात पहिल्यांदाच! त्याच वर्षी तो स्पर्धांमधून निवृत्त झाला आणि पुढं मज्जासंस्थेचा नामवंत डॉक्टर झाला.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. बॅनिस्टरकडे वेळ कमी होता, म्हणून त्यानं सराव मोजूनमापून केला. कमी वेळ हीच त्याला शिस्त लावणारी छडी झाली.

गणिताच्या बाईंचं सुवर्णपदक

दुसरी गोष्ट सायकलचीच. आना कीजनहोफर ही ऑस्ट्रियाची गणितज्ञ. २०१६ साली तिनं गणितात डॉक्टरेट मिळवली. पुढं ती स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठात शिकवू लागली आणि संशोधन करू लागली. मधल्या काळात एका व्यावसायिक सायकल संघात ती गेली होती, पण ते काही मानवलं नाही.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकला ती आली तेव्हा कोणत्याही व्यावसायिक संघाची नव्हती. प्रशिक्षकही नव्हता. सराव किती करायचा, काय खायचं, टोकियोच्या उकाड्यात कसा टिकाव धरायचा, हे सगळं तिनं स्वतः अभ्यास करून ठरवलं. २५ जुलै २०२१ रोजी १३७ किलोमीटरची शर्यत होती. सुरुवातीलाच काही जणी पुढं सटकल्या, त्यांत ती होती. शेवटचे सुमारे ४१ किलोमीटर तर ती एकटीच! मागच्या नावाजलेल्या खेळाडूंना वाटलं, पुढं आता कोणीच नाही. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूनं तर आपणच जिंकलो म्हणून हात वर केले. मग तिला कळलं, की गणिताच्या बाई सव्वा मिनिट आधीच पोचल्यात!

आपल्याकडचे स्वार

"हे सगळे परदेशातले," असं म्हणू नका. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्यानं पूर्ण करून आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ४८०० किलोमीटरहून अधिक अंतर, आणि मुदत फक्त बारा दिवस! नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही त्याच वर्षी ती पूर्ण केली. एकट्यानं ती पार करणारे ते पहिले भारतीय. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली होती. २०१८ साली डॉ. समर्थ मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत, नऊ हजार किलोमीटरच्या वर, शर्यतीत सायकल चालवत गेले. पाहा, चौघेही डॉक्टर! म्हणजे अभ्यासात काही मागं राहिलेले नव्हेत.

आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ विसरून कसं चालेल? १९१४ साली स्थापन झालेल्या या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं गेला आणि त्यानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. शरीर आणि शिक्षण यांची जोडी आपल्या गावाला नवी नाही.

सरावाला जागाही आपल्याकडे कमी नाही. चढ हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहे. सपाट रस्ता हवा असेल तर अमरावती-अकोला आहेच. याच मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण थांबा! हा महामार्ग आहे. ट्रकांची वर्दळ असते. मुलांनी तिथं एकट्यानं सायकल न्यायची नाही. तुमच्यासाठी शाळेचं मैदान आणि गावची पांदण पुष्कळ आहे. आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. घाट मोठ्यांसोबतच.

तोल म्हणजे काय?

सायकल उभी केली तर पडते, चालवली तर पडत नाही. का बरं? नीट लक्ष दिलंत तर कळेल. सायकल डावीकडं कलली की आपण नकळत हँडल थोडं डावीकडंच वळवतो. उजवीकडं कलली की उजवीकडं. जिकडं तोल जातो तिकडं चाक नेलं, की सायकल पुन्हा सावरते. म्हणजे चालती सायकल एकदम सरळ कधीच नसते. ती सारखी इकडं-तिकडं थोडी कलते आणि आपण तिला सारखं सावरतो.

खेळ आणि अभ्यासाचंही तसंच आहे. रोज अगदी निम्मा-निम्मा वेळ, असं कोणालाच जमत नाही. परीक्षा जवळ आली की हँडल अभ्यासाकडं, सुट्टी लागली की मैदानाकडं. मात्र वेळेवर वळवलं पाहिजे. फार उशीर केला तर धपकन पडायला होतं! आणि सायकल थांबवून कुलपात ठेवली तर? ती पडत नाही, पण कुठं पोचतही नाही.

करून पाहा

आता दोन कामं देतो. एक प्रयोगाचं, एक सायकलचं.

पहिलं काम. उभट, पारदर्शक बरणी घ्या. एक तृतीयांश शेतातली माती भरा, वर पाणी ओता, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसेल. त्याहून बारीक गाळ काही तासांत बसेल. चिकणमाती मात्र कितीतरी वेळ पाण्यात तरंगत राहील. प्रत्येक थर पट्टीनं मोजा. मग नदीकाठची माती घेऊन तेच करा. कोणती माती चाकाला जास्त चिकटेल, ते आधी वहीत लिहा आणि नंतर सायकल नेऊन पडताळा. झालात की नाही सायकलस्वार आणि संशोधक?

दुसरं काम. एक वही करा. रोज चार गोष्टी लिहा: अभ्यास किती वेळ, सायकल किती वेळ, झोप किती तास, आणि वर्गात पेंग आली का. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, त्यापुढच्या मुलांना आठ ते दहा तास. महिनाभरानं ती वही आईबाबांजवळ बसून वाचा. वादाच्या वेळी मोठ्या आवाजापेक्षा वहीतला आकडा जास्त उपयोगी पडतो!

चाबीचं काय झालं?

आठ दिवसांनी मी त्या वडिलांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते मोठे लोक आहेत सर. आमचं एकच लेकरू. परीक्षा हुकली तर?" त्यांची काळजी खोटी नव्हती. मी म्हटलं, "एक महिना वही ठेवू. वही सांगेल तसं करू."

त्यांनी चाबी मुलाच्या हातात दिली. पहिल्या आठवड्यात स्वारी दोन-दोन तास सायकलवर! वहीत दोन दिवस 'वर्गात पेंग आली' असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. कोणी रागावलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपणहून सायकल एका तासावर आणली, आणि गणिताची एक सराव प्रश्नपत्रिका रोज सायकलला हात लावायच्या आधी सोडवायची, असं ठरवलं.

महिना झाला तेव्हा वडील शाळेत आले. हातात वही. म्हणाले, "सर, शिष्यवृत्तीचं पुढं पाहू. पण एक सांगतो, पहिले मी अभ्यासाले बस म्हणायचो, आता हे पोट्टं सोताच घड्याळ पाह्यते."

निकाल अजून लागायचा आहे. तो काय लागेल ते मला ठाऊक नाही. बरणीतली चिकणमाती मात्र आमच्या वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होतं. तो रोज आल्याबरोबर तिथं जातो, थर मोजतो, वहीत लिहितो. मग जागेवर बसतो.

तुमच्या वहीचं काय झालं, ते महिन्याभरानं आईबाबांना जरूर दाखवा हं!